पडद्यावरील बटणांचा मसुदा कोण तपासतो?

न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२१ रोजी दिलेल्या एका निकालपत्रात, धनको आणि ऋणको यांच्या हक्कांची सूक्ष्म चर्चा चालू असतानाच, संगणकाच्या पडद्यावरील तीन इवल्याशा चौकटींचे वर्णन करणे न्यायमूर्तींना भाग पडले, आणि त्या पडद्याचे चित्रही निकालपत्राला जोडावे लागले. प्रकरण सिटीबँकेचे होते. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला दिलेल्या कर्जावरील सुमारे ७८ लाख डॉलर व्याज ११ ऑगस्ट २०२० रोजी धनकोंना पोचते करावे, एवढेच काम बँकेपुढे होते. परंतु बँकेच्या फ्लेक्सक्यूब नावाच्या प्रणालीत हा व्यवहार असा नोंदवावा लागे की जणू सारे मुद्दलच फेडले जात आहे, आणि मग मुद्दलाची रक्कम मात्र बँकेच्याच एका अंतर्गत खात्याकडे वळवून ठेवावी लागे. त्यासाठी ‘फ्रंट’, ‘फंड’ आणि ‘प्रिन्सिपल’ अशा तिन्ही चौकटींत खूण करून त्यांपुढे त्या अंतर्गत खात्याचा क्रमांक भरणे आवश्यक होते. भारतात बसलेल्या कर्मचाऱ्याने केवळ ‘प्रिन्सिपल’पुढे खूण केली, भारतातल्याच दुसऱ्याने ती तपासून पुढे धाडली, अमेरिकेतल्या तिसऱ्याने मंजुरीचे बटण दाबले, आणि दुसऱ्या दिवशी उघडकीस आले ते असे की बँकेचे स्वतःचे जवळजवळ ९० कोटी डॉलर धनकोंच्या खात्यांत जाऊन पडले आहेत. त्यांतले सुमारे ५० कोटी परत करण्याचे धनकोंनी साफ नाकारले, न्यायालयाने त्यांचेच म्हणणे ग्राह्य धरले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवीपर्यंत बँकेला तिष्ठत राहावे लागले.

ही प्रणाली आपल्याला परकी नाही. सिटीच्याच एका भारतीय उपकंपनीतून वाढलेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्स कंपनीने ती घडविली, आणि पुढे ती कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. तेव्हा दूरदेशीचा एक गमतीदार किस्सा म्हणून या प्रकरणाकडे पाहण्याची मोकळीक निदान मुंबई-पुण्याच्या वाचकाला तरी नाही. ‘मानवी चूक’ असा शेरा मारून असली प्रकरणे दप्तरदाखल करण्याचा शिरस्ता सर्वत्र आहे, आणि तीन माणसांनी एकामागून एक चूक केली हे खरेही आहे. तथापि लागोपाठ तीन जाणती माणसे एकाच जागी एकच चूक करतात, तेव्हा ती जागा कोणी आणि कशी बांधली, याची चौकशी आधी व्हावयास हवी, असे माझे मत आहे.

तीन चेकबॉक्स शेजारीशेजारी मांडणे म्हणजे वापरणाऱ्याला असे लेखी आश्वासन देणे की, येथे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत, प्रत्येकाचे उत्तर तू दुसऱ्याची पर्वा न करता देऊ शकतोस, आणि त्यांतून होणारे आठही संयोग अर्थपूर्ण आहेत. त्या दिवशीच्या कामापुरता प्रश्न एकच होता: मुद्दल बँकेत राहावयाचे की बाहेर जावयाचे? असा प्रश्न रेडिओ बटणांच्या जोडीचा असतो. इतर प्रसंगी त्या तीन चौकटींची पृथक् पृथक् गरज पडत असेल, हे मी नाकारीत नाही. पण ज्या व्यवहारात आठांपैकी एकच संयोग निर्धोक आहे त्या व्यवहारात तो एक संयोग कारकुनाने पाठ करून ठेवावा ही अपेक्षा धरणारा पडदा सदोष आहे, आणि तो दोष वापरणाऱ्याच्या नव्हे, रचणाऱ्याच्या खाती पडला पाहिजे. त्याच प्रणालीत होकार मागणारी एक खिडकीही उघडत असे, आणि तिची हकीकत तर याहून उद्बोधक आहे. निधी बँकेबाहेर पाठविला जाईल, पुढे जायचे आहे काय, असे ती विचारीत होती. परंतु व्याज बाहेर जाणारच होते, म्हणून होकार देणे हे योग्यच होते, आणि बाहेर जाणारी रक्कम ७८ लाख आहे की ९० कोटी, याविषयी त्या खिडकीत अवाक्षर नव्हते. रक्कम न लिहिलेल्या चेकवर सही घेण्याचाच हा प्रकार झाला.

बटणांच्या प्रकारांविषयी सर्वसाधारण वाचकाने फार विचार केलेला नसतो, आणि करण्याचे कारणही नाही; तो विचार दुसऱ्या कोणी आपल्यासाठी करून ठेवला आहे या विश्वासावरच आपण पडद्यापुढे बसतो. साधे बटण दाबले की एक कृती घडते आणि बटण पूर्ववत होते. चेकबॉक्स एक स्थिती नोंदवून ठेवतो. रेडिओ बटणे समूहाने राहतात, आणि एकावर खूण उमटताच समूहातील दुसऱ्यावरची खूण आपोआप पुसली जाते. हे नाव मोटारीतील जुन्या रेडिओंवरून आले, ज्यांत एका स्टेशनाची कळ आत गेली की आधीची टपकन बाहेर येत असे. आपल्याकडे ज्यांनी ‘टू-इन-वन’ टेपरेकॉर्डरच्या कळा दाबल्या आहेत त्यांच्या बोटांना हा गुणधर्म अजून आठवत असेल. आजच्या विद्यार्थ्याच्या बोटांना तो ठाऊक नाही, आणि नावाचा उगम लुप्त झाल्याने गुणधर्माची जाणही पातळ होत चालली आहे की काय, अशी शंका कित्येक अर्जांचे पडदे पाहताना येते.

परंतु खरी मेख अन्यत्र आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे तीन भिन्न स्वरूपाचे करार असले, तरी प्रोग्रामरच्या दृष्टीने ती एकाच घरातील भावंडे होत, आणि एकाच्या जागी दुसरे बसविण्यास त्याला अक्षरशः एका अंकाचा खर्च येतो. विंडोजच्या मूळ व्यवस्थेत ‘बटन’ नावाचा एकच वर्ग आहे. त्याच्या शैलीच्या रकान्यात शून्य लिहिले तर साधे बटण मिळते, दोन लिहिले तर चेकबॉक्स, चार लिहिले तर रेडिओ बटण, आणि सात लिहिले तर, हे वाचून कोणाही सुज्ञास आश्चर्य वाटेल, भोवती आखलेली निव्वळ चौकट, जी कधीच दाबता येत नाही. पडद्याचे तयार भाग प्रोग्रामरला पुरविणारे जे संग्रह असतात, त्यांपैकी जावाच्या स्विंगमध्ये आणि नॉर्वेत जन्मलेल्या क्यूटीमध्येही साधे बटण, चेकबॉक्स आणि रेडिओ हे एकाच अमूर्त पूर्वजाचे वंशज मानले आहेत. जीटीके या तशाच आणखी एका संग्रहाने तर २०२० मधील आपल्या चौथ्या आवृत्तीत रेडिओ बटणाचा स्वतंत्र वर्गच निकालात काढला, आणि चेकबॉक्सांचा गट बांधला की तेच रेडिओ होतात अशी तजवीज केली. अभियांत्रिकीच्या अंगाने ही काटकसर स्तुत्य आहे. तिचा परिणाम मात्र असा की, कोणते बटण हवे हा प्रश्न प्रोग्रामरला निर्णयाचा न वाटता चवीचा वाटू लागतो.

गट बांधण्याच्या कामात तर हमखास घोटाळे होतात. स्विंगमध्ये पाच रेडिओ बटणे मांडली आणि त्यांना एका ‘बटनग्रुप’मध्ये घालण्यास विसरले, तर पाचही एकाच वेळी खुणावता येतात, दिसायला गोल, वागायला चौकोनी. विंडोजमध्ये प्रत्येक नवा गट जेथून सुरू होतो तेथे तशी निशाणी लावावी लागते, आणि ती राहून गेली की दोन शेजारी गट एकमेकांत मिसळतात, म्हणजे अर्जदाराने आधी ‘स्त्री’ निवडले आणि मग खाली ‘विवाहित’ निवडले की वरची ‘स्त्री’ नाहीशी होते. बर्कलीच्या जॉन आउस्टरहाउट यांनी रचलेल्या टीके संग्रहात, जो आज पायथॉन शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना टीकेइंटर या रूपाने भेटतो, गट वेगळा बांधावा लागत नाही. ज्या बटणांना एकच चल दिलेला असेल ती सारी एका गटाची ठरतात. मला ही रचना अधिक समंजस वाटते, कारण तीत उत्तर साठविण्याची जागा एकच असते, आणि एका प्रश्नाला एकच उत्तर ही गोष्ट दृश्याच्या पातळीवर न राहता आशयाच्या पातळीवर उतरते.

आता दाबण्याच्या क्रियेकडे वळू. माऊसची कळ खाली जाते तेव्हा चांगल्या बटणाची कृती घडत नाही. ते केवळ दबल्यासारखे दिसते आणि वाट पाहते. बोट उचलले, आणि उचलतेवेळी बाण बटणावरच असला, तरच हुकूम सुटतो. बाण बाजूला सरकवून मग बोट उचलले तर काहीच घडत नाही, आणि बाण पुन्हा आत आणला तर बटण पुन्हा सज्ज होते. स्विंगच्या रचनेत ‘सज्ज’ आणि ‘दाबलेले’ या दोन अवस्था वेगळ्या नोंदविलेल्या आहेत, त्या याच कारणासाठी. संकल्प आणि कृती यांच्यामध्ये माणसाला क्षणभर माघारीची संधी ठेवणारी ही व्यवस्था मला या संपूर्ण शास्त्रातील सर्वांत सभ्य गोष्ट वाटते. संगणकाच्या इतिहासात ज्यांचे नाव निघते त्या झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्राचे, १९८१ च्या स्टार यंत्राचे, १९८३ च्या लिसाचे आणि १९८४ च्या मॅकिंटॉशचे गुणगान करताना खिडक्या आणि चित्रे यांचाच उल्लेख होतो. या अर्ध्या क्षणाच्या सवलतीविषयी कोणी फारसे बोलत नाही. आंतरराष्ट्रीय सुगम्यता-मानकांनी २०१८ च्या आवृत्तीत, महाजालावरील पानांच्या संदर्भात का होईना, कळ खाली जाताक्षणी कृती होऊ नये असा दंडक लेखी घातला, हे योग्यच झाले.

दंडकाची गरज पडली याचे कारण असे की, तयार बटण न वापरता स्वतःचे बटण रंगविण्याचा हव्यास वाढत गेला. एखादे चित्र किंवा नुसते अक्षरपट्ट घ्यावे, त्याला गोलाई आणि छाया द्यावी, आणि त्यावर कळ पडल्याची घटना घडली की आपले काम उरकावे, असा हा प्रघात आहे. दिसायला ते बटण. परंतु माघारीची सवलत त्यात नाही, टॅबने त्यावर जाता येत नाही, स्पेसबारने ते दबत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाच्या पडदावाचकाला ते बटण आहे हेच कळत नाही. एनव्हीडीए हा विनामूल्य पडदावाचक २००६ पासून दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवीत आणला, आणि आपल्याकडील अंध विद्यार्थ्यांना व नोकरदारांना त्याचा मोठा आधार झाला आहे; प्रणालीने पुरविलेल्या बटणापाशी तो त्याचे नाव, जात आणि अवस्था बिनचूक सांगतो, आणि हौसेने रंगविलेल्या बटणापाशी बहुधा मूक राहतो. सुंदर दिसण्यासाठी एका माणसाची नोकरी अवघड करून ठेवण्याचा परवाना प्रोग्रामरला कोणी दिला, हा प्रश्न मी सौम्य शब्दांत विचारू इच्छीत नाही.

चालू-बंद अशा दोन स्थितींत फिरणाऱ्या बटणाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तीत गोंधळ मोठा पण मुद्दा लहान आहे. गाणे वाजविणाऱ्या बटणावर पुढे काय होईल ते लिहिलेले असते. भिंतीवरच्या खटक्यासारख्या दिसणाऱ्या बटणावर सध्या काय आहे ते लिहिलेले असते. आणि ‘सूचना बंद’ असे जेव्हा एखाद्या बटणावर दिसते तेव्हा सूचना बंद आहेत की हे दाबल्याने बंद होतील, हे सांगण्यास ज्योतिषीच पाहिजे. ज्याचा परिणाम तत्काळ घडतो त्याला खटका द्यावा, ज्याचा परिणाम शेवटी अर्ज सादर केल्यावर घडतो त्याला चेकबॉक्स द्यावा, आणि दोहोंची सरमिसळ एका पडद्यावर करू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

बटण दाबल्यानंतर काय घडते, याविषयीही आपल्या महाविद्यालयांतील शिक्षणाने एक वाईट खोड लावली आहे. व्हिज्युअल बेसिकच्या काळात खिडकीवर बटण ओढून ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करावे, आणि उघडलेल्या ‘कमांडवन क्लिक’ या रिकाम्या जागेत साऱ्या जगाचा कारभार लिहून टाकावा, असे धडे दिले गेले. भाषा बदलल्या, खोड राहिली. खिडकीवरील सर्व घटना क्रमाने निकालात काढण्याचे काम बहुतेक प्रणालींत एकाच धाग्याकडे, म्हणजे ‘थ्रेड’कडे, असते. बटणाच्या त्या जागेत जर सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत ताटकळण्याचा हुकूम लिहिला, तर तो धागा तेथेच अडकतो, खिडकी गोठते, दाबलेले बटण वर येत नाही, आणि समोरचा कारकून, आपले म्हणणे यंत्राने ऐकलेच नाही असे समजून, पुन्हा दाबतो. ते दुसरे दाबणे रांगेत जमा होते आणि यथावकाश अंमलात येते. एका पावतीच्या दोन पावत्या होतात, आणि त्याचा जाब कारकुनाला विचारला जातो. यावर उपाय ठाऊक आहेत आणि जुने आहेत: लांब काम दुसऱ्या धाग्यावर पाठवावे, पहिल्या दाबण्यासरशी बटण निष्क्रिय करून ‘नोंद होत आहे’ असे लिहावे, आणि तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर ती स्वीकारू नये अशी व्यवस्था पलीकडच्या बाजूलाही ठेवावी. शेवटचा उपाय बटणाच्या कक्षेबाहेरचा आहे, पण त्याच्यावाचून पहिले दोन अपुरे पडतात.

पुष्टीची मागणी करणाऱ्या खिडक्यांवर माझा विश्वास नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लाखो लोकांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा असल्याची सूचना पोचण्यास ३८ मिनिटे लागली. त्या प्रणालीतही खात्री आहे काय असे विचारणारी खिडकी होती, आणि सरावाच्या इशाऱ्याला व खऱ्या इशाऱ्याला ती एकाच शब्दांत विचारीत होती. संबंधित अधिकाऱ्याला धोका खराच वाटला होता, असे चौकशीत पुढे आले, म्हणजे सारा दोष खिडकीचा नव्हे. परंतु सरावासाठी आणि युद्धासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे असे ज्याने ठरविले, त्याने त्या खिडकीतून सर्व अर्थ काढून घेतला होता. रोज पन्नास वेळा ‘होय’ म्हणावयास लावणारी व्यवस्था एकावन्नाव्या वेळी माणूस थांबेल अशी आशा कोणत्या आधारावर करते, हे मला समजत नाही. जे परत फिरविता येते ते न विचारता करावे आणि परत फिरविण्याची सोय ठेवावी. जे फिरविता येत नाही तेथे बटणावरच कृतीचे नाव आणि रक्कम लिहावी, आणि एंटर दाबल्याने आपोआप दबणारे बटण तेथे निरुपद्रवीच ठेवावे.

मराठी पडद्यांवर या दोषांत आणखी भर पडते. ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे मांडलेली असतात, तेव्हा अर्ज रद्द करू इच्छिणाऱ्या भल्या माणसाने काय दाबावे? ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज राहू द्या’ असे लिहिण्यास कोणाची हरकत होती? बटणाची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बिंदूंत ठरवून टाकली की ‘नोंदणी’वरची वेलांटी आणि ‘पूर्ण’चा ऊकार कापला जातो, आणि रुंदी ठरवून टाकली की ‘प्रमाणित करा’मधला ‘करा’ गडप होतो. वस्तुतः क्यूटी, स्विंग, जीटीके या सर्वांत मजकुराप्रमाणे बटणाचे आकारमान आपोआप ठरविणाऱ्या मांडणी-व्यवस्था पूर्वीपासून आहेत, आणि त्या न वापरता बिंदू मोजीत बसणे हा केवळ आळस आहे. कळफलकाने बटण दाबण्यासाठी अधोरेखित अक्षराची जी सोय असते तीही मराठीत बहुधा कंसातल्या एखाद्या रोमन अक्षरावर भागविली जाते, आणि मराठीत टंकन करीत असलेल्या माणसाला तेवढ्यापुरते दुसऱ्या लिपीत विचार करणे भाग पडते.

आता सारे मोबाइलवर गेले, डेस्कटॉपच्या बटणांची चिंता कशाला, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा बँकेच्या, रुग्णालयाच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडे पाहावे. आपल्या नावाने होणाऱ्या महत्त्वाच्या नोंदी अजून तेथेच, माऊस आणि कळफलक यांनीच होतात, आणि त्या नोंदवणाऱ्याला पडदा निवडण्याचा अधिकार नसतो. तो निवडला जातो निविदेत, आणि निविदेत बटणांविषयी एक ओळही नसते. सरकारी दस्तऐवजातील एकेका स्वल्पविरामावर विधी विभागाचा शेरा घेतला जातो, मग त्याच दस्तऐवजाला अंमलात आणणाऱ्या पडद्याचा मसुदा कोणा कंत्राटदाराच्या नवशिक्या नोकराच्या मर्जीवर का सोपवावा? स्वीकृतीच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने प्रात्यक्षिक दाखविण्याऐवजी, जो कारकून त्या पडद्यापुढे पुढील दहा वर्षे बसणार आहे त्याला बसवावे. माऊसची तार काढून घ्यावी आणि संपूर्ण अर्ज कळफलकावर भरून घ्यावा. मग एनव्हीडीए चालू करून एखाद्या अंध सहकाऱ्याकडून तोच अर्ज भरून घ्यावा. जाळ्याची जोडणी मुद्दाम मंद करून सादर करण्याचे बटण पाचदा दाबावे आणि पावत्या किती निघतात ते मोजावे. एकाहून अधिक निघाल्यास देयकाचा शेवटचा हप्ता राखून ठेवण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाला करारातच दिलेला असावा.